हाताने बदल केलेली जुनी स्पोर्ट्स कार नखरे करायला लागली, तर आधी सगळं मूळपदावर आणावं का?

मियाटा_९०

माझं मत आधीच सांगतो: हो, आणावं. घरी स्वतः बदल केले आणि इंजिन बिनसलं, तर शोधाशोध करत बसू नये. केलेलं सगळं काढावं, गाडी कारखान्यातून आली तशी करावी आणि मग एकेक बदल परत चढवावा.

गाडी माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १९९० चं मॉडेल, १.६ लिटर. एका दमात बरीच कामं उरकली: एअर बॉक्स काढून उघडा कोन फिल्टर लावला, मूळ इनटेक पाइप काढून सिलिकॉनचा बसवला, हलकं फ्लायव्हील टाकलं आणि टायमिंग (प्लगची ठिणगी पडायचा क्षण) १० अंशांवरून १४ वर नेलं. इंजिन थंड असेपर्यंत तक्रार नाही. गरम झालं की थांबताना क्लच दाबायचा अवकाश, आरपीएमचा काटा ५०० च्या खाली जातो आणि गाडी बंद. बंद पडली नाही तर उभ्या उभ्या १००० ते १८०० अशी वर-खाली करत राहते. प्लग बदलले, वायरी बदलल्या, आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचा संथ वेग) सांभाळणारा व्हॉल्व्ह बदलला. काडीचा फरक नाही. शेवटी वैतागून मूळ एअर बॉक्स आणि पाइप परत लावला, तर गाडी ८५० वर शांत उभी! सिलिकॉन पाइप आणि फिल्टर पुन्हा चढवला की दुखणं हजर. फिल्टरच दोषी. मूळपदावर आलो नसतो तर अजून सुटे भागच घेत बसलो असतो.

फीलर_गेज

पूर्ण असहमत. तुम्ही फिल्टरला फाशी दिलीत, पण गुन्हा त्याने केला असं मला वाटत नाही.

या १.६ इंजिनात हवा मोजायला झडपवाला एअरफ्लो मीटर आहे. आत येणारी हवा स्प्रिंगवरचं झडप ढकलते, झडप किती उघडलं त्यावरून संगणक पेट्रोल ठरवतो. फिल्टर मीटरच्या आधी असतो, त्यामुळे त्यातून आलेली सगळी हवा मोजली जातेच. घोळ होतो तो मीटरच्या पुढे, म्हणजे मीटर आणि इंजिन यांच्यामध्ये. तिथून शिरलेली हवा मोजली जात नाही, तिच्या वाटचं पेट्रोल पडत नाही, मिश्रण पातळ होतं. थंड इंजिनाला मुळातच जास्त पेट्रोल मिळतं, म्हणून तेव्हा गळती झाकली जाते. गरम झाल्यावर उघडी पडते. तुमचं लक्षण हेच सांगतंय.

आणि मूळ पाइप लावताना तुम्ही एकच गोष्ट बदलली नाहीत. दोन क्लॅम्प, बारीक नळ्यांचे जोड, मीटरचं बूड, सगळंच हललं. दुखणं गेलं, पण कशाने गेलं हे तुम्हाला ठाऊक नाही. उद्या ते दुसऱ्या जागी उगवेल.

जुना_पाना

मियाटाभाऊंच्या बाजूने. मोजा, मोजा म्हणणं सोपं आहे. १९९० च्या गाडीत मोजायचं कशाने? आजच्या गाडीला स्कॅनर लावला की फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते, समोर दिसतो. इथे चालू इंजिनाचे आकडे असे हातात मिळत नाहीत, तेव्हा मूळ स्थिती हीच एकमेव मोजपट्टी उरते.

माझा अनुभव सांगतो. मी मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून हेडर (धूर बाहेर नेणारा नळ्यांचा संच) लावला, त्यानंतर प्लग काळे, पेट्रोलचा वास, गाडी जड. चार महिने मी इंजेक्टर आणि प्रेशर रेग्युलेटरमागे होतो, कारण काळा प्लग म्हणजे जास्त पेट्रोल ही साधी समजूत. मूळ मॅनिफोल्ड लावला आणि प्लग आठवड्याभरात बदामी झाले. नंतर कळलं की हेडरचा जोड ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फुटत होता. प्रत्येक ठोक्यामागे तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची, सेन्सरला वाटायचं मिश्रण पातळ आहे, आणि संगणक पेट्रोल वाढवत बसायचा. मूळपदावर आलो म्हणून सुटलो.

फीलर_गेज

पानाभाऊ, चार महिन्यांचा त्रास मला समजतो. पण तो जोड पाच मिनिटांत सापडला असता. थंड इंजिन चालू करायचं, दुसऱ्या कोणाला जाड फडकं घेऊन सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबायला सांगायचं आणि बॉनेटपाशी कान द्यायचा. जोड फुटत असेल तर टक-टक ठळक ऐकू येते. गॅस्केटच्या कडेला काळा माग दिसतो तो वेगळाच. स्कॅनर लागतो कुठे?

मियाटा_९०, तुमच्यासाठी याहून सोपी चाचणी आहे. सिलिकॉन पाइप लावलेला असू द्या. गरम इंजिन आयडलवर चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. या गाडीत इंजिनाच्या पोटातली हवासुद्धा मीटरमधून मोजून आलेली असते. जोड सगळे घट्ट असतील तर झाकण उघडताच इंजिन अडखळलं पाहिजे, बंदही पडेल. काहीच फरक पडला नाही, तर कुठेतरी आधीच भोक आहे.

कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायचा सल्ला बरेच जण देतील. तापलेल्या मॅनिफोल्डजवळ ते करू नका, आग लागते.

टायमिंग_लाइट

वेगळाच प्रश्न. १४ अंश लावताना डायग्नोसिस बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं जंपरने, म्हणजे तारेच्या तुकड्याने, जोडली होतीत का? नसेल तर तो आकडा विसरा. आयडल सावरायला संगणक स्वतः टायमिंग हलवत असतो, तुम्ही हलत्या खुणेवर दिवा मारलात.

मियाटा_९०

नव्हतं जोडलं.

आणि झाकण उघडून पाहिलं. इंजिनाने दखलच घेतली नाही. तसंच फडफडत राहिलं. पाच-सहा वेळा उघड-बंद केलं, काटा ढिम्म.

एक गोष्ट लिहायची राहिली होती, कारण ती मी बदलांत धरलीच नव्हती. सिलिकॉन पाइपला हेड कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) ब्रीदर नळीसाठी, म्हणजे इंजिनाच्या पोटात हवा नेणाऱ्या नळीसाठी, तोटी नाही. म्हणून ती नळी काढून कव्हरवर छोटा ब्रीदर फिल्टर बसवला होता.

फीलर_गेज

सापडलं! तोच तुमचा चोर. कव्हरच्या दुसऱ्या बाजूला पीसीव्ही व्हॉल्व्ह आहे, त्यातून इंजिनाच्या पोटातली हवा इनटेक मॅनिफोल्डकडे सतत ओढली जाते. पूर्वी ती हवा ब्रीदर नळीतून, म्हणजे मीटरमधून मोजून यायची. आता छोट्या फिल्टरमधून थेट येते. मूळ पाइप लावलात तेव्हा नळीही जागेवर बसली, म्हणून गाडी सुधारली. पाइपला तोटी बसवा, नळी जोडा, कोन फिल्टर खुशाल राहू दे.

जुना_पाना

पण हे सापडलं कशामुळे? मूळ पाइप लावल्यावर दुखणं जातं, हे आधी कळलं म्हणून ना? शोध तिथूनच पाइपापर्यंत आला. शिवाय ज्या बदलाची आठवणच राहिली नव्हती, तो मूळपदावर जाताना आपोआप पुसला गेला. माणूस विसरतो, हेच माझं मुख्य कारण आहे.

फीलर_गेज

आणि आपोआप पुसला गेला म्हणूनच शिक्षा फिल्टरला झाली. मला हेच खटकतं.

मियाटा_९०

तोटी बसवली, नळी जोडली. झाकण उघडलं की आता इंजिन दोन आचके देऊन बंद पडतं. वर-खाली होणं पूर्ण थांबलं. फिल्टरबद्दलचं माझं म्हणणं चुकलं, ते मागे घेतो. मूळपदावर येण्याचं मागे घेत नाही, कारण अजून एक बाकी आहे: थांबताना काटा अजूनही ६०० पर्यंत बुडी मारतो, मग सावरतो.

जंपर लावून टायमिंग पाहिलं तर १४ समजत होतो ते १७ निघालं. ते १० वर आणलंय. बुडी थोडी कमी झाली, गेली नाही.

टायमिंग_लाइट

जंपर काढायच्या आत बेस आयडलही (संगणकाच्या मदतीशिवायचं आयडल) लावून घ्या, ८५० ला. उरलेलं फ्लायव्हीलचं आहे. हलक्या चाकात फिरण्याच्या ऊर्जेचा साठा कमी, आरपीएम झपकन पडतात, आयडल व्हॉल्व्ह पोचेपर्यंत काटा खाली गेलेला असतो.

जुना_पाना

मग फ्लायव्हील काढून खात्री करा.

फीलर_गेज

त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा? कृपा करून नको. आधी बेस आयडल, मग थ्रॉटलवरचा आयडल स्विच बरोबर क्षणी जुळतो का ते मल्टिमीटरने बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

मियाटा_९०

बेस आयडल ७०० वर होतं, ८५० केलं. स्विच उद्या सकाळी, इंजिन थंड असताना बघतो. गिअरबॉक्सला हात लावायचा की नाही, ते त्यानंतर.