सदोष मनुष्यवध, गैरइरादतन हत्या आणि संचित रजा

धंतोलीकर : आमच्याकडे मराठी आणि हिंदी दोन्ही पेपर येतात. एकाच घटनेला मराठीत 'सदोष मनुष्यवध', हिंदीत 'गैरइरादतन हत्या'. दोन्ही एकच का? आणि यात 'सदोष' काय, तपास?

महालवाला : तपास! हे बेस आहे राजेहो.

वकील, सदर : 'सदोष' म्हणजे मारणाऱ्याकडे दोष जातो असा. कलम एकच, पण हिंदी पेपरचा शब्द दिशाभूल करतो. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम 299 सदोष मनुष्यवधाचं, 300 खुनाचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत तीच 100 आणि 101 झाली. प्रत्येक खून आधी सदोष मनुष्यवध असतोच. उलट मात्र नाही. गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे भान सुटलं, किंवा स्वसंरक्षण करताना मर्यादा ओलांडली, तर मारायचा इरादा असूनही ते 'खुनाच्या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध' ठरू शकतं. मग 'गैरइरादतन' कसं म्हणायचं? हयगयीने झालेला मृत्यू तर वेगळाच : पूर्वी 304अ, आता 106.

धंतोलीकर : मग 'वध' का? वध तर कंसाचा, अफझलखानाचा. म्हणूनच 'गांधीवध' म्हटलं की लोक चिडतात ना?

वकील, सदर : बरोबर चिडतात. बोलीत वध म्हणजे मरणारा दुष्ट होता असा निवाडाच. कायद्याच्या मराठीत तो अर्थ गाळलाय, तिथे माणसाने माणसाला मारणं एवढंच. हिंदी कायद्यात खुनाला 'हत्या' म्हणतात. मराठी कायद्यात 'खून'च, पण आपल्या नागपुरी बातम्यांत हत्या सर्रास.

महालवाला : नानावटी खटल्यात हाच वाद होता ना?

वकील, सदर : हो, 1959 चा. नौदल अधिकारी नानावटींनी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, तो. अचानक चिथावणी हाच बचाव. ज्युरीने निर्दोष म्हटलं, उच्च न्यायालयाने खून ठरवला, 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. मधल्या काळात त्यांना तुरुंगात जावं लागू नये, नौदलाच्या कोठडीतच राहता यावं म्हणून राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली होती. पुढे 1964 मध्ये माफी. याला मेहेरनजर नाही तर काय म्हणायचं?

महालवाला : आणि आपल्या वर्धा रोडच्या जेलात डॉन अरुण गवळी होता, तो दरवेळी सुट्टीवर? संजय दत्त येरवड्यातून यायचा तसाच.

वकील, सदर : 'सुट्टी' नको म्हणू. नियमांत दोन शब्द आहेत. संचित रजा म्हणजे फर्लो : शिक्षेचा ठरावीक काळ चांगल्या वागणुकीने काढल्यावर मिळते, कारण द्यावं लागत नाही. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल : घरचं आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणासाठी. दोन्ही सामान्य कैद्यालाही आहेत. फक्त त्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो आणि उच्च न्यायालयात जायला त्याच्याकडे वकील नसतो. शिक्षा झालेल्याला कोठडीत घरचा डबा, मोबाईल, भेटींची रांग, याला मात्र 'बडदास्त' म्हणा. ती कुठल्याच नियमात नाही.

धंतोलीकर : 'व्हीआयपी ट्रीटमेंट'ला बडदास्त चालेल, छान आहे.