बोल्शुनोववर अन्याय झाला, की वाट त्यानेच निवडली?

वाटसरू
ट्रोंडहाइमला 2025 साली नॉर्वेच्या क्लेबोने क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या (बर्फावरून स्कीवर पळायच्या शर्यती) जागतिक स्पर्धेत सहापैकी सहा सुवर्णं घेतली, तेव्हापासून जो तो त्याला सर्वकालीन श्रेष्ठ म्हणत सुटलाय. माझा प्रश्न साधा आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतींत अलेक्सांद्र बोल्शुनोव शेजारी उभा असता, तर सहाचे सहाच राहिले असते का?

ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रशियातल्या ब्र्यान्स्क प्रांतातल्या पोदिवोत्ये नावाच्या खेड्यातला हा मुलगा, वडीलच पहिले प्रशिक्षक. प्योंगचांग ऑलिम्पिक 2018: तीन रौप्य, एक कांस्य. सीफेल्डची जागतिक स्पर्धा 2019: चार रौप्य. सोनं काही हाती लागेना. सीफेल्डची स्कीअ‍ॅथलॉन (अर्धी शर्यत क्लासिक, म्हणजे स्की समांतर खाचांत ठेवून, मग स्की बदलून उरलेली स्केटिंग, म्हणजे स्की बाजूला रेटत) तर एक दशांश सेकंदाने गेली! पुढे मात्र 2020 आणि 2021 असा लागोपाठ दोनदा विश्वचषक, दोन्ही वर्षी टूर द स्की (अनेक टप्प्यांची शर्यत), आणि बीजिंग 2022 ला तीन सुवर्णांसह पाच पदकं. तिथली 30 किमीची स्कीअ‍ॅथलॉन त्याने एक मिनिट अकरा सेकंदांनी जिंकली. मागे कुणी दिसतच नव्हतं, झेंडा हातात घेऊन आरामात आला.

मग 1 मार्च 2022 ला आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने, म्हणजे फिसने, रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना सरसकट बाहेर काढलं. तेव्हा तो 25 वर्षांचा होता. या खेळात लांब पल्ल्याचा माणूस तिशीच्या आसपास खरा पिकतो. पासपोर्टची शिक्षा त्याने का भोगायची?

खडूस_नाना
आधी त्या सोन्याचा कस बघू. बीजिंगची 50 किमी वाऱ्यामुळे कापून 28.4 किमीची केली होती. क्लेबोने ती अर्ध्यात सोडली. स्कीअ‍ॅथलॉनला आधीचा विजेता, नॉर्वेचा क्रूगर, कोविडमुळे नव्हताच. 2021 च्या टूरला अख्खा नॉर्वेचा संघ आला नव्हता, तेही कोविडमुळे. मैदान मोकळं होतं, भाऊ.

वाटसरू
नाना, वाऱ्याला त्याने बोलावलं नव्हतं. शर्यत कापल्याने तोटा झाला तर त्याचाच, तो 50 साठी बांधलेला गडी. आणि कापलेल्या शर्यतीत तुमचा क्रूगर होता की, तिसरा आला. स्कीअ‍ॅथलॉनला क्लेबोही उतरला होता, चाळिसावा आला. ते का नाही सांगत?

वॅक्सवाला
दोघेही पदकं मोजताय, शर्यत बघा जरा. प्योंगचांगची 50 किमी क्लासिक आठवा. फिनलंडच्या निस्कानेनने शेवटच्या टप्प्याआधी थांबून स्की बदलल्या. बदलताना सेकंद जातात, पण ताज्या वॅक्सची (स्कीच्या तळाला लावायचं मेण) स्की चढावर पकड देते आणि उतारावर पळते. बोल्शुनोव थांबला नाही. झिजलेल्या वॅक्सवर पुढे राहून बघितलं, निस्कानेनने गाठलं आणि शेवटी मागे टाकलं. सोनं स्की बदलायच्या त्या थांब्यावर गेलं, पायांमुळे नाही. पुढे चार वर्षं हा माणूस असा का पळाला, की शेवटच्या किलोमीटरपर्यंत कुणी जवळच उरू नये, ते तिथे कळतं. श्रेष्ठ कोण हे मला ठरवायचं नाही, पण 15 किमीच्या पुढे त्याच्यासारखा रेटा आजच्या पिढीत मी दुसरा पाहिला नाही. स्प्रिंटमध्ये क्लेबो, प्रश्नच नाही.

स्नेहल_ओस्लो
मी इथे राहते, त्यामुळे माझं मत नॉर्वेजियन समजून सोडून द्यायचं तर द्या. खेळाबद्दल वाद नाहीच. 18 मार्च 2022 ला मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियममध्ये पुतिन यांची सभा झाली, युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. बोल्शुनोव पदक घालून व्यासपीठावर होता. त्याची नोकरी रोसग्वार्दियात, म्हणजे रशियाच्या राष्ट्रीय रक्षक दलात. बीजिंगनंतर कॅप्टनपदी बढती मिळाली. याला नुसता पासपोर्ट म्हणायचं का, वाटसरू?

कट्ट्यावरचा_बंड्या
स्नेहलताई, तिथे सगळेच खेळाडू सैन्यात नाहीतर पोलिसात पगारावर असतात. आपल्याकडे रेल्वे आणि सेनादलाचे संघ नाहीत का? साहेबाने सभेला बोलावलं तर नाही म्हणायची सोय असते होय?

बॅरी रिचर्ड्स आठवतो का कुणाला? चार कसोटी, 508 धावा, सरासरी 72.57. मग वर्णभेदामुळे त्याचा देश दक्षिण आफ्रिका 1970 ते 1991 आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर. त्या माणसाचा दोष काय होता? आपण आजही हळहळतो ना?

खडूस_नाना
हळहळतो, पण बंदी चुकली असं म्हणत नाही. आणि उदाहरण घेतलंस तर पुरतं घे. 1971 मध्ये न्यूलँड्सला रिचर्ड्स, प्रॉक्टर, पोलॉक ही मंडळी एक चेंडू टाकून झाल्यावर मैदान सोडून गेली. संघ गुणवत्तेवर निवडा, रंगावर नको, हे स्वतःच्या सरकारला तोंडावर सांगायला. तुझा गडी उलट्या दिशेने चालत गेला.

कट्ट्यावरचा_बंड्या
71 मधल्या गोऱ्या खेळाडूला मैदान सोडल्यावर घरी जाता येत होतं. आजच्या रशियात तसं करून दाखवणारा सापडला की कळवा. त्याचं गाव युक्रेनच्या सीमेलगत आहे. इथे बसून शौर्य शिकवायला काय जातं आपलं?

स्नेहल_ओस्लो
विरोध कर असं कुणी म्हणत नाहीये. गप्प बसायचा पर्याय होता. बीजिंगहून पदकं घेऊन परतलेले सगळेच काही त्या व्यासपीठावर नव्हते.

मीनल_सातारा
त्याचा स्वभाव विसरू नका. जानेवारी 2021, लाहतीची रिले. फिनलंडचा मॅकी आडवा आला म्हणून याने पोल (हातातली काठी) फिरवला, आणि रेषा ओलांडल्यावर जाऊन त्याला धडकला. संघ बाद. दीड महिन्याने ओबर्स्टडॉर्फला 50 किमीच्या शेवटच्या वळणावर क्लेबोशी टक्कर होऊन याचा पोल मोडला. तेव्हा क्लेबो बाद झाला, सोनं नॉर्वेच्याच इव्हर्सनला, याला पुन्हा रौप्य. तिथे मला खरंच वाईट वाटलं होतं. लाहतीत नाही.

वाटसरू
लाहतीचं समर्थन कुणीच करणार नाही. पण माझा मुद्दा सरसकट बंदीचा आहे. डिसेंबर 2025 मध्ये क्रीडा लवादानेही ती चूक ठरवली, म्हणून तर मोजके रशियन तटस्थ म्हणून 2026 च्या इटलीतल्या हिवाळी ऑलिम्पिकला उतरू शकले. म्हणजे जवळपास चार वर्षं जे चाललं ते चूकच होतं ना?

स्नेहल_ओस्लो
सरसकट चूक, मान्य. पण तटस्थतेच्या अटी वाच: युद्धाला पाठिंबा नको, सैन्याशी किंवा सुरक्षा दलाशी करार नको. एकेकाला तपासून आत घेतलं तरी त्याचं नाव त्या चाळणीत अडकतंच. सरसकट बंदीने त्याची उलट सोय झाली, सगळ्यांबरोबर बाहेर राहिला.

वॅक्सवाला
क्लेबो ऑक्टोबर 1996 चा, हा त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरचा. 2030 च्या फ्रेंच आल्प्सच्या ऑलिम्पिकला दोघेही 33. त्या वयात स्प्रिंट अवघड होते, 50 किमी नाही. दोघे एका रेषेवर उभे राहिले, तर मी रजा टाकून बघायला बसेन.

खडूस_नाना
येऊ दे की. आधी वर्दी उतरव म्हणावं.