चेन्नईत राहायला मैलापूर बघा
आई-बाबांना घेऊन डिसेंबरअखेर चेन्नईला जाताय आणि टी. नगरला उतरायचा विचार आहे म्हणता, तर त्याऐवजी मैलापूर बघा. कपालीश्वर मंदिर पायी गाठता येतं, मरीना जवळ, आणि मार्गळी या तमिळ महिन्यातल्या कर्नाटक संगीताच्या मैफिलींना रिक्षाने चटकन जाता येतं. या मैफिली भरवणाऱ्या संस्थांच्या, म्हणजे सभांच्या, कँटीनमधलं केळीच्या पानावरचं जेवण मुळीच चुकवू नका! ट्रिप्लिकेनच्या रत्ना कॅफेत सांबारात बुडालेली इडलीही खाच.

एग्मोरच्या सरकारी संग्रहालयातल्या चोळकालीन कांस्यमूर्तींना निवांत अर्धा दिवस द्या. असे नटराज एकत्र क्वचितच बघायला मिळतात. शुक्रवारी मात्र ते बंद असतं. जॉर्ज टाउनच्या काळिकांबाळ मंदिरात १६७७ साली शिवाजी महाराज दर्शनाला आले होते असं सांगतात, तिथेही जाऊन या. महाबलीपुरमला सकाळी लवकर निघा, दुपारी उन्हाने ज्येष्ठांना त्रास होतो.