बहिणीचे मांडवातील आगमन लक्षात राहील असे कसे करता येईल?

प्रश्न (नवरीचा भाऊ, मोहाडी तालुका)

नमस्कार. आमचे गाव भंडारा जिल्ह्यात आहे. धाकट्या बहिणीचे लग्न येत्या वैशाखात घरासमोरच्या मांडवातच करायचे ठरले असून मुहूर्त गोरज आहे. नागपूरच्या आतेभावांचा आग्रह असा की नवरी मांडवात येताना धुराचे यंत्र, थंड फटाके आणि फिरता मंच असावा. त्याचा खर्च ऐकून वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी नकार दिला नाही. परंतु त्यांचे ते गप्प बसणे माझ्या मनातून जात नाही. बहिणीलाही थाट नको आहे. ‘मी मांडवात येईन ते लोकांच्या ध्यानात राहावे’ एवढेच तिचे म्हणणे आहे आणि ते मला रास्त वाटते. गौरीहरापासून बोहल्यापर्यंतचे अंतर जेमतेम वीस पावलांचे आहे. मुहूर्त न टळता एवढ्या जागेत काय करता येईल? नवरदेव बैलजोडीच्या रेंगीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून यावा, अशी त्यांच्याकडच्या मंडळींचीही इच्छा आहे.

उत्तर (निवृत्त शिक्षिका, ब्रह्मपुरी)

आपल्याकडे नवरीला मामा बोहल्यावर आणतो. तुम्ही शोधता आहात ते आगमन हेच आहे, आणि त्यात नवे काही आणण्याआधी जे आहे ते नीट घडू द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. अलीकडच्या कित्येक लग्नांत छायाचित्रकार मामांना बाजूला व्हायला सांगतो आणि मुलगी एकटीच चालत येते. ज्या माणसाने तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो त्या क्षणी खुर्च्यांच्या मागे उभा असतो. हे मी पाहिले आहे आणि मला ते फार लागले.

माझी सूचना अशी आहे. तुमच्या आजीला आणि मोहल्ल्यातील वयस्क बायांना हळदीची व मांडवाची गाणी येत असणारच. ती गाणी हळदीच्या दिवशी घरात म्हटली जातात आणि तिथेच संपतात. त्यांतील एक गाणे नवरी चालत असताना मांडवात म्हणू द्यावे. इतर सर्व वाद्ये थांबवावीत, आजींच्या समोर एकच माइक ठेवावा, आणि गाण्यात बहिणीचे, आईचे, मामांच्या गावाचे नाव गुंफून घ्यावे. स्वतःचे नाव आजीच्या आवाजात ऐकत बोहल्यापर्यंत जाणारी मुलगी ती वीस पावले विसरणार नाही, आणि ऐकणारेही विसरणार नाहीत.

गोरज मुहूर्त असल्यामुळे उजेडाचाही विचार करता येईल. मोहल्ल्यातील प्रत्येक घरातून एक कंदील मागवावा आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना त्या त्या घरातील एकेक जण तो हातात धरून उभा राहावा. निरांजने मात्र नकोत. मांडवावरच्या जांभळाच्या डहाळ्या वैशाखाच्या उन्हात दोन दिवसांत कुरकुरीत वाळतात, आणि रेशमी पदर व उघडी ज्योत यांची जवळीक बरी नव्हे. कंदील धरायला मोठी माणसेच ठेवावीत आणि पाण्याच्या दोन बादल्या कोपऱ्यात भरून ठेवाव्यात.

उत्तर (शेतकरी, साकोली)

रेंगीबद्दल लिहितो, कारण आमच्या घरच्या लग्नात याच बाबतीत चूक झाली होती. जोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत धावलेली होती, म्हणून तिला गर्दीची सवय असेल असे आम्ही गृहीत धरले. मांडवाच्या दाराशी कोणीतरी फटाक्यांची लड लावली, उजवीकडचा बैल बुजला आणि रेंगी कुंपणात शिरली. कोणाला इजा झाली नाही. पण नवरदेवाचे बाशिंग तुटले आणि बैलाच्या खांद्याला खरचटले. दोष बैलाचा नव्हता.

त्यामुळे पटावरची चपळ जोडी घेऊ नये, नांगराला जुंपली जाणारी संथ जोडी घ्यावी. लग्नाच्या आधीचे दोन-तीन दिवस सायंकाळी तिला त्याच वाटेने आणावे आणि वाजंत्र्यांना थोडे वाजवायला सांगावे. रेंगीच्या आसाला वंगण द्यावे. शिंगे रंगवावीत, झूल व घुंगरमाळा घालाव्यात, परंतु वैशाखात जाड झूल शेवटच्या वळणावरच अंगावर टाकावी. कासरा धरणाऱ्याशिवाय आणखी एक जाणता माणूस बैलांच्या तोंडाशी पायी चालावा. डीजेची गाडी आणि रेंगी यांपैकी एकच काय ते ठेवावे. नवरदेवाला उतरायला पाट लागेल, हे आठवणीने सांगतो, कारण ऐन वेळी तो कोणाला सापडत नाही.

उत्तर (मोर्शी, जिल्हा अमरावती)

आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी जवळ असल्यामुळे गावोगावी खंजिरी भजनाची मंडळे आहेत. माझ्या भावाची वरात वेशीपासून मांडवापर्यंत खंजिरीच्या ठेक्यावर आणली होती. बैलांनाही तो आवाज सोसेल.

उत्तर (विणकर कुटुंबातील सून, भंडारा)

तुमच्याच तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. अंतरपाट तेथून करवती किनारीचा विणून घ्यावा. करवतीच्या दात्यांसारखी ती किनार हातमागावरच बसते, म्हणून विणकराला आताच सांगावे लागेल. लग्नानंतर ते कापड बहिणीच्या पेटीत राहील. तसेच वैशाखात आपल्याकडे उन्हाळी धान निघतो. तुमच्या बांधीतल्या (धानाच्या शेतातल्या) लोंब्यांचे तोरण वडिलांनी स्वतः विणून बोहल्यावर बांधले, तर त्यांचाही हात त्या क्षणाला लागेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. फिरता मंच रद्द केला आणि ते वडिलांना मीच सांगितले. ते लगेच उठून बांधीकडे गेले, कोणत्या कोपऱ्यातल्या लोंब्या जास्त भरल्या आहेत ते पाहायला. मामांना फोन केला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘मी आदल्या दिवशीच येतो.’ आजीला गाण्याच्या चार ओळी आठवतात, पाचवीसाठी तिने शेजारच्या काकूंना बोलावले आहे. आज सायंकाळी बहिणीने गौरीहराच्या जागेपासून बोहल्यापर्यंत चालून पाहिले. पावले बावीस भरली, म्हणून आजी आणखी एक ओळ जोडते आहे.