मदत हवी आहे: काळ्या मातीवर ट्रॅक्टर शेडचा कोबा, चार इंच पुरेल का?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात वस्तीवर शेड मारलंय, 20 बाय 30 फूट, पाईपचे खांब अन् पत्रे झालेत, आता खाली कोबा करायचाय. ट्रॅक्टर, ब्लोअर, रोटाव्हेटर आणि सीझनला द्राक्षाचे क्रेट सगळं आतच राहणार, भरलेली पिकअप पण रिव्हर्स घेऊन आत येणार, म्हणजे वजन बऱ्यापैकी. पाऊस लागायच्या आत उरकायचंय.

जमीन पूर्ण काळी. आत्ता मे महिन्यात शेडमध्ये अशा भेगा पडल्यात की पाना पडला तर हात घालून काढावा लागतो, आणि पावसात हीच माती चप्पल सोडत नाही. मिस्त्री म्हणतो वरचं गवत काढू, दोन ट्रॉल्या मुरूम पसरू, पाणी मारू आणि चार इंच काँक्रीट ठोकून देऊ, जाळी कशाला, स्लॅब थोडीच आहे. माणूस कामाला चांगला आहे, घराचं जोतं त्यानंच बांधलंय, पण शेजारी असाच केलेला कोबा बघून धीर होत नाही. मधोमध चीर गेलीय, त्यात रुपयाचं नाणं उभं बसतं, एक बाजू वर आल्यामुळे झाडू अडतो, आणि रोज धूळ निघते ती वेगळीच.

तर काळी माती किती काढायची, जाडी किती घ्यायची, जाळी खरंच लागते का? आणि आरएमसी (प्लांटवरून गाडीनं येणारं तयार काँक्रीट) मागवू की साइटवरच मिक्सर लावू? वस्तीवर यायला ओढ्यावरची अरुंद फरशी आहे, मोठी गाडी वळेल असं वाटत नाही.

सिन्नरकर:
दादा, जाडीचं नंतर बघू, आधी खालचं बघा. काळी माती पाण्यानं फुगते अन् उन्हात आकसते, वर चार इंच टाका नाहीतर सहा, ती उचलणारच. निदान दोन फूट काढा. फक्त खांबांचं फाउंडेशन किती खोल आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर जेसीबीचं बकेट त्याच्या बुडाशी जाईल, खांबांजवळ हातानंच खोदा. दोन फुटाचा खड्डा म्हणजे 12 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), दबाई धरून 15 ब्रास मुरूम लागेल. डंपर एकदम ओतून वरून पाणी सोडायचं नाही हां, सहा-सहा इंचाचा थर, ओला करून दाबायचा, मग पुढचा. टाच मारली तर ठसा उठला नाही पाहिजे. त्यावर डबराचं सोलिंग, म्हणजे मोठे दगड रचून थर, फटी मुरमानं भरून.

आणि पत्र्याचं पाणी कुठे पडतं? शेडच्या कडेलाच पडत असेल तर कडेची माती फुगणार आणि मधली कोरडी राहणार, तडे तिथूनच सुरू होतात. पन्हळ लावून पाणी लांब काढा, जोतं बाहेरच्या जमिनीपेक्षा फूटभर वर ठेवा.

साइटवाला:
वरच्याशी सहमत. पिकअप येणार असेल तर 5 इंच धरा, काँक्रीट एम 20 ग्रेडचं, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3. तुमच्या मापाला अडीच ब्रास म्हणजे साधारण 7 घनमीटर काँक्रीट, सिमेंट 57 बॅगा, एक ब्रास क्रश सँड, दोन ब्रास खडी. थोडं जास्तच मागवा. एका गाडीत न मावणाऱ्या थोड्या मालासाठी आरएमसीची दुसरी फेरी अन् त्यात तुमची ती फरशी, साइटवर मिक्सरच बरा. पण पाणी मोजून, एका बॅगेला 25 लिटरच्या वर नाही, वाळू ओली असेल तर अजून कमी. गडी लोकांना पातळ माल ओढायला सोपा जातो म्हणून पाणी वाढवतात आणि मग शेजाऱ्यांसारखी धूळ. घोटाई करताना वरून कोरडं सिमेंट भुरभुरायचं नाही, त्याचा पापुद्रा सुटतो.

जाळी वजन उचलायला नसते, चीर रुंद होऊ नये म्हणून असते. 8 मिमी, 8 इंचावर, खाली सळईच्या खुर्च्या (जाळी उचलून धरणारे आधार) ठेवून, जाडीच्या वरच्या तिसऱ्या भागात. जमिनीवर अंथरून 'नंतर उचलू' म्हणतात, कुणी उचलत नाही. सोलिंगवर आधी कच (दगडाची बारीक चुरी) टाकून सपाट करा, मग प्लास्टिक कागद. शेड 20 बाय 30 म्हणजे 10 बाय 10 चे बरोब्बर सहा पॅनल होतात. दुसऱ्या दिवशी पॅनलच्या रेषांवर कटरनं सव्वा इंच खोल काप मारा. खांबांना अर्ध्या इंचाचं थर्माकोल गुंडाळा, नाहीतर प्रत्येक खांबाच्या कोपऱ्यातून तडा. उतार दाराकडे, 10 फुटाला एक इंच. उन्हात ओतू नका, पहाटे सुरू करा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर निदान 10 दिवस पाणी, मे महिन्यात 14 च धरा, गोणपाट ओलं ठेवून नाहीतर आळी करून.

धागाकर्ता:
लय उपकार झाले. मिस्त्रीशी बोललो, दोन फूट खोदायला तयार आहे, जाळीपण करतो म्हणाला, पण कटर इकडे कुणाकडे नाही. मग एक सोडून एक पॅनल भरले तर चालतील का?

साइटवाला:
चालतील, उलट तुमच्या मजुरांना तेच झेपेल. जाळी मात्र प्रत्येक पॅनलच्या कडेच्या दोन इंच अलीकडे थांबवा. पिकअपचं चाक ज्या सांध्यावरून जाणार तिथे 16 मिमीच्या गुळगुळीत सळ्या टाका, फूटभर अंतरानं, जाडीच्या मधोमध, दोन्हीकडे नऊ-नऊ इंच जातील अशा. एका बाजूला ग्रीस लावायचं, म्हणजे पॅनल सरकेल पण वरखाली होणार नाही. पिळाची सळई नको, साधीच मागा.