शब्दचर्चा: 'भांग' लागला म्हणजे काय?

खानापूरकर:
माझी आत्या गोव्यात मांडवी नदीकाठी, दिवाडी बेटावर दिलेली. परवा फोनवर म्हणाली, "आता भांग हाय, पाणी काय चढत न्हाई." मी गप्प. आपल्याला भांग दोनच ठाऊक: केसांतला तो आणि शिमग्यातली ती. हा तिसरा कुठला? ओहोटीला ती 'सुकती' म्हणते, ते काय?

घाटाखालची:
दादा, सुकती आमच्या मालवणीतही आहे. किनारा सुकतो, ती सुकती. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मरगळलेली भरती. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीला ओढ काटकोनात, म्हणून भांग. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करायचे. अष्टमी, आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. घड्याळ लागत नसे.

निपाणीकर:
आमच्या वेदगंगेला पाणी चढलं म्हणजे पूर. पण खारं पाणी नदीत उलटं कसं चढेल? नदी खालीच वाहणार की.

घाटाखालची:
खारं पाणी जड. गोडं वरून समुद्राकडे जातं, खारं तळातून आत सरकतं. पावसाळ्यात मांडवीत असे दोन थर पडतात. उन्हाळ्यात नदीचा ओघ बारीक झाला की भरती-ओहोटी सगळं घुसळून टाकते. मग वर-खाली एकच चव, आणि मे महिन्यात ती खारट चव बरीच आतपर्यंत. पाण्याची चढउतार तर गांजेपर्यंत कळते, मुखापासून सुमारे ५० किलोमीटर.

खानापूरकर:
आणि हीच मांडवी आमच्या खानापूर तालुक्यात म्हादई म्हणून उगवते! कणकुंबीची मलप्रभा मात्र पूर्वेला वळून कृष्णेला मिळते. एकाच तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना. बरं, त्या घुसळलेल्या पाण्याला काय म्हणायचं? आपल्याकडे बोअरचं पाणी सवळ.

शहापूरवाला:
सवळ नको. कन्नडातलं 'सवळु' तेच, पण आपल्या डोक्यात ते जमिनीतल्या क्षाराचं, डाळ न शिजणारं पाणी. 'निमखारे' हा पाठ्यपुस्तकी शब्द, कुणाच्या तोंडी नाही. माझं मत 'मचूळ'ला. फक्त रांजणातल्या शिळ्या, बेचव पाण्यालाही मचूळच म्हणतात, तेवढा घोटाळा राहतो.

घाटाखालची:
मचूळ चालेल. दादा, आत्याला 'मानस' पण विचारा. खाजणशेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, तिच्या बांधातलं लाकडी दार. सुकतीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं, भरतीला बाहेरचं पाणी ते दाबून मिटवतं. माणूस लागत नाही.

खानापूरकर:
विचारलं. म्हणाली, "रातीला फळी धप्प करून बसली की समजायचं, भरती वळली." मी तिला पाऊणपटीचा हिशेब ऐकवला. म्हणाली, "ते व्हय! पण तुमच्या नळाला कंची तिथी, ते सांग आधी."