मदत हवी आहे: खापरपणजोबांच्या घरातला मोडी कागद (तातडीचं)

बळद: जुनं घर सोमवारी पाडायचं ठरलंय. बळद (धान्याची जुनी कोठी) रिकामं करताना फडक्यात गुंडाळलेला मोडी कागद निघाला. 'शके १७९३' आणि 'गहाण' एवढंच लागलं. खापरपणजोबांची जमीन सावकाराने गिळली की सुटली, हे कुठे कळेल? लवकर सांगा.

भीमाकाठ: गाव? तालुका? शके १७९३ म्हणजे १८७१. रक्कम किती?

सोपा: थेट पुण्याच्या पुराभिलेखागारात जा. आमच्या घराण्याचं सगळं तिथेच मिळालं.

भीमाकाठ: दादा, तुमचं घराणं वतनदार. साध्या कुणब्याचं तिथे काय मिळणार? भूमी अभिलेखातून फाळणी (जमिनीच्या वाटणीचा नकाशा) आणि आकारफोड (वाटणीनुसार साऱ्याचा तक्ता) काढा, सर्व्हे नंबर कुणाच्या नावे राहिला ते दिसेल.

सोपा: मोडी न वाचता सर्व्हे नंबर कुठून आणणार? आधी मोडी शिका. मी पन्नाशीत शिकलो.

पांढरीमाती: घर पाडू नका हो! धाब्याचं असेल तर वरची माती काढून नवी चोपली की झालं. आमचं अजून उभं आहे, उन्हाळ्यात पंखा लागत नाही.

बळद: घराचं विचारलं नाही, चुलत्यांचं ठरलंय. गाव सुप्याजवळ, तालुका बारामती. रक्कम दोनशे दिसते.

भीमाकाठ: हे आधी सांगायचं ना! तेव्हा तो भाग भीमथडी तालुक्यात होता, जुन्या दफ्तरात तेच नाव शोधा. शंभराच्या वरचं गहाणखत तेव्हाही नोंदवावं लागे.

सोपा: सुपे? १२ मे १८७५ ला सावकारांविरुद्धचा दंगा तिथूनच पेटला. लोकांनी सावकारांच्या घरातून गहाणखतं ओढून जाळली. तुमच्या माणसाने स्वतःचं खत उचलून आणलं असणार!

भीमाकाठ: हाती आलेलं खत कोण जपून ठेवील? ते जाळण्यासाठीच तर दंगा होता. कापसाचा भाव अमेरिकेतली यादवी लढाई संपल्यावर, १८६५ नंतर पडला आणि शेतसारा वाढला, तरीही काहींनी कर्ज फेडलं. फेडलं की खत कुळाकडे, म्हणजे कर्जदाराकडे, परत येई. कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीच्या १८७९ च्या कायद्याने तर पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत कोर्ट मुळापासून हिशेब तपासू लागलं. बळद, कागद फाडलेला आहे का? पाठीवर कर्ज भरल्याच्या नोंदी?

बळद: फाडलेला नाही. पाठीवर तीन ओळी आहेत, शेवटची वेगळ्या शाईत. फोटो टाकतोय, कुणीतरी आजच वाचा.